इंजिनातला ठोका आणि शिशाचा उतारा

गाडी चढाला लागते. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. वेग वाढायच्या ऐवजी इंजिनातून धातूवर हातोडी मारावी तसा टकटक आवाज येऊ लागतो आणि ताकद कमी पडते. पाय सैल सोडला की आवाज बंद! मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. या ठोक्याचे कारण शंभरेक वर्षांपूर्वी कसे शोधले गेले, ते पाहू या.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तिथल्या चार्ल्स केटरिंगने मोटारीसाठी विजेवर चालणारा स्टार्टर बनवला. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. त्यासोबत बॅटरीवर ठिणगी पाडण्याची नवी यंत्रणाही होती. पुढे इंजिने ठोके देऊ लागली तेव्हा लोकांनी साहजिकच या नव्या यंत्रणेवर खापर फोडले. पण घरगुती वीज तयार करणाऱ्या केटरिंगच्या छोट्या इंजिनांतही तोच आवाज येई, आणि रॉकेलवर तर तो फारच वाढे. १९१६ मध्ये त्याने हे काम थॉमस मिजली या तरुण यांत्रिकी अभियंत्याकडे सोपवले.

इथे जरा थांबून वर्गात प्रश्न विचारता येईल. शक्यता दोन : एक तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटत असेल, नाही तर ठिणगी वेळेवर पडून त्यानंतर काही बिघडत असेल. इंजिन न उघडता यातली खरी कोणती, हे कसे ठरवाल?

मिजलीने सिलिंडरमधल्या दाबाबरोबर हलणारा एक आरसा बसवला आणि त्यावरून परतणारा प्रकाशाचा किरण फिरत्या फिल्मवर पाडला. दाबाचा आलेखच फिल्मवर उमटला. ठिणगी पडेपर्यंत सारे ठीक होते. ठिणगीनंतर दाब नेहमीसारखा वाढू लागे आणि मग अचानक उसळी घेई. म्हणजे ठिणगी निर्दोष होती. दोष इंधनाच्या जळण्यात होता.

याचा अर्थ आज आपल्याला नीट सांगता येतो. ठिणगीपासून ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते. जळालेला वायू प्रसरण पावतो आणि पलीकडच्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला दाबतो. दाबाने ते तापते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असेल तर सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरलेले असते, दाब आणि तापमानही जास्त असते. मग ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात, तोच आपल्याला ऐकू येणारा ठोका. उष्णता भिंतींत वाया जाते, ताकद घटते आणि ठोके चालूच राहिले तर पिस्टनही खराब होतो.

मिजली आणि केटरिंग यांना एवढे माहीत नव्हते. त्यांचा तर्क वेगळाच होता. बर्फ वितळण्याआधीच फुलणारे एक रानफूल त्यांना माहीत होते. त्याची पाने तांबूस असतात. तांबडा रंग उष्णता शोषत असेल, तर तांबडे केलेले रॉकेल लवकर वाफ होऊन नीट जळेल, असे त्यांना वाटले. हाताशी आयोडीन होते. ते रॉकेलमध्ये मिसळले आणि ठोका थांबला!

बहुतेक जण इथेच खूश होऊन थांबले असते. मिजलीने मात्र दुसरे तांबडे रंग घालून पाहिले. काहीच फरक पडला नाही. मग आयोडीनचे रंगहीन संयुग घातले, तर ठोका पुन्हा थांबला. तर्क चुकीचा होता, पण प्रयोगाने नवी वाट दाखवली. रंगाचा संबंध नव्हता, काम मूलद्रव्य करत होते. त्यानंतरची काही वर्षे अनेक पदार्थ तपासण्यात गेली. पुढे आवर्त सारणीच्या मदतीने शोध चालला आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. पेट्रोलच्या हजार भागांत एका भागाहूनही कमी पुरे होई. मद्यार्कानेही ठोका थांबतो हे त्यांना ठाऊक होते, पण तो कितीतरी जास्त प्रमाणात घालावा लागे. १९२३ मध्ये डेटनमध्येच शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली.

शिसे विषारी असते ही गोष्ट नवी नव्हती. १९२३ मध्ये खुद्द मिजलीलाच शिशाच्या बाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर चोळून आणि हुंगून दाखवले. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे धोक्याचा इशारा दिला. तरीही पुढच्या वर्षी, बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही, असा अहवाल आला आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

पृथ्वीचे वय मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसनला आपल्या नमुन्यांत सतत बाहेरचे शिसे मिसळलेले सापडे. ते इतके येते कुठून, याचा त्याने पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये माणसाने पसरवलेल्या शिशाबद्दल जगाला सावध केले. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा होणारा परिणामही पुढे स्पष्ट झाला. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तर मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. चाचणी-इंजिनात ठोका थांबल्यापासून जवळजवळ शंभर वर्षांनी!

आजच्या बऱ्याच गाड्यांत ठोका ओळखणारा संवेदक असतो. गाडीला लागते त्यापेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले, तर इंजिनातला संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. आवाज येत नाही, फक्त जोरात पळवताना ताकद कमी जाणवते. तेव्हा कारण शोधताना मिजलीसारखा आलेख जरूर काढावा, आपलाच तर्क तपासूनही पाहावा. आणि उपाय सापडला की आणखी एक प्रश्न विचारावा : धुराड्यातून बाहेर काय पडते आणि ते कोणाच्या श्वासात जाते?