माहेर, आजोळ, सासर : उन्हाळ्याच्या सुट्टीचा इतिहास

'सुट्टी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदापासून आला. हिंदीत 'छूटना'वरून 'छुट्टी', बंगालीत 'छुटि'. इंग्रजी 'हॉलिडे'मध्ये पवित्र दिवस आहे, 'व्हेकेशन'मध्ये रिकामेपण आहे. आपल्या भाषांना दावे सोडल्यावर वासरू सुटते ते सुटणे आठवते. रवींद्रनाथांची 'छुटि' ही १८९२ च्या सुमाराची कथा याच शब्दावर उभी आहे. खेड्यातला फटिक शिकण्यासाठी मामाबरोबर कलकत्त्याला जातो. तिथे त्याचा जीव रमत नाही आणि आईकडे परत जायला सुट्टी कधी लागेल, याची तो वाट पाहत राहतो. मराठी वाचकाला ही कथा उलटी वाटते. आपल्याकडे सुट्टी लागली की मामाच्या घरी जायचे असते. मात्र त्या कथेत एक माणूस आहे, जे आपल्या सुट्टीच्या आठवणींत सहसा दिसत नाही: मामी. तिची स्वतःची तीन मुले आहेत आणि चौथे तिच्या दारात येऊन उभे राहते. ती प्रेमळ नाही. पण तिची अडचण रवींद्रनाथांनी लपवलेली नाही.

मे महिन्यातल्या मुलांनी भरलेल्या मराठी घराचा इतिहास लिहायचा झाला, तर या मामीपर्यंत पोहोचावे लागते. तिथपर्यंतची वाट मात्र थोडी लांबची आहे.

उन्हाळ्यात कामकाज बंद ठेवून गार हवेच्या ठिकाणी जाणे ही आपल्याकडच्या साहेबी कारभाराची सवय. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरी ठाणे वसवले आणि पुढे मुंबई सरकारचे वर्षच तीन गावांत वाटले गेले: हिवाळा मुंबईत, पावसाळा पुण्यात, ऐन उन्हाळा महाबळेश्वरात. माथेरान १८५० मध्ये ठाण्याच्या कलेक्टराच्या, ह्यू मॅलेटच्या नजरेत भरले. १९०७ मध्ये तिथे छोटी आगगाडीही गेली. उच्च न्यायालय मे महिन्यात बंद राहू लागले. न्यायालय बंद म्हणजे वकील मोकळे, कारकून मोकळे. शाळा-कॉलेजेही याच सुमारास बंद असत, म्हणजे मास्तर मोकळे आणि मुलेही मोकळी. पगारावर जगणाऱ्या नव्या मराठी मध्यमवर्गाला घरातली सगळी माणसे एकाच वेळी रिकामी असण्याचा असा काळ पहिल्यांदाच मिळाला.

ही सुट्टी देशभर एकसारखी नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवे. केरळात शाळा एप्रिल-मे बंद राहून जूनच्या आरंभी भरतात. काश्मीरची मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. बंगाली मुलाच्या स्वप्नातली सुट्टी पूजेची. फटिक वाट पाहतो तीही तीच. खुद्द महाराष्ट्रात विदर्भाच्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. मराठी सुट्टीचे दुसरे टोक पावसाला बांधलेले आहे. नवी वह्या-पुस्तके, नवी छत्री आणि मृगाचा पाऊस हे एकत्रच यायचे.

पण शाळा नव्हत्या तेव्हाही वैशाखात एक सुट्टी होती. ती मुलांची नव्हती, लेकींची होती. खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि चार दिवस या बायकांना कोणी काम सांगत नाही. शेतीचे एक वर्ष तिथे संपते. सालगड्याचा नवा करारही आखाजीलाच होतो. म्हणजे जो काळ गड्याच्या मोकळिकीचा, तोच लेकीच्याही. जळगावच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर आणि माहेरावर गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने आणि नात्यातल्या मंडळींनी ती टिपून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, त्यांचे पुस्तक होऊ शकले.

वर्षात माहेरपणाचे असे काही ठरलेले दिवस असत: आखाजी, नागपंचमी, भाऊबीज, शिवाय पहिले बाळंतपण. लेकीला आणायला माहेराहून येणाऱ्या माणसाला मराठीत 'मुराळी' असा खास शब्द आहे. जात्यावरच्या ओव्यांत या मुराळ्याची वाट पाहणे सतत येते. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये अशा ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ आणि माहेर जितके गोड आहेत, तितकीच भावजय कडू आहे. नणंदेला ती आखडत्या हाताने वाढते, अशी तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. ही तक्रार स्वभावाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिच्यामागे एक साधा हिशेब आहे.

तो हिशेब शब्दांतच दिसतो. 'माहेर' हे मातृगृह, 'सासर' हे श्वशुरगृह, आणि 'आजोळ' हे आजा-आजीचे घर. ज्या घरात आई लेक म्हणून शिरते ते तिचे माहेर, तिच्या मुलांचे आजोळ, आणि त्याच घराच्या चुलीपाशी बसलेल्या मामीचे सासर. एकाच घराची ही तीन नावे आहेत. हिंदीत त्या घरात नाना असतो म्हणून ते ननिहाल, गुजरातीत ते मोसाळ, बंगालीत मामार बाडी. मराठीतून दुसऱ्या भाषेत नेताना 'आजोळ' कसेबसे पोहोचते. पण माहेर आणि आजोळ हे एकच घर आहे, ही गोष्ट वाटेत गळून जाते. मामीचे सासर तर मूळ मराठीतही कोणी उच्चारत नाही.

शाळांनी या हिशेबात एक मोठा बदल केला. पूर्वी माहेरपण वर्षभर विखुरलेले होते, त्यामुळे एका घरातल्या लेकी आणि सुना आळीपाळीने येत-जात. मुले शाळेत जायला लागली तशी आईची पावलेही शाळेच्या वेळापत्रकाला बांधली गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये त्या दिशेचा पहिला कायदा झाला. शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेल्या मुलाला घेऊन श्रावणात पंधरा दिवस माहेरी राहणे अवघड होत गेले. उरला तो मे महिना. सगळ्या लेकींना एकाच वेळी माहेरी जायचे होते, आणि त्याच वेळी सगळ्या मामींच्या नणंदा त्यांच्याकडे यायच्या होत्या.

वाहनांनी हा ओघ वाढवला. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ ची. १८६३ मध्ये बोरघाटातून रूळ गेले आणि मुंबई-पुणे प्रवास सलग झाला. कोकणात आगबोटी जात. पावसाळ्यात ती वाहतूक बंद पडे, म्हणून मे संपायच्या आत परतावे लागे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली आणि पुढच्या काही दशकांत एसटी रेल्वे नसलेल्या गावांच्या वेशीपर्यंत पोहोचली. टपावर ट्रंका, वळकट्या आणि परतताना आंब्याच्या करंड्या. कोकण रेल्वे १९९८ मध्ये आली, तोवर हा सारा भार लाल गाडीनेच वाहिला.

आता घराच्या आत जाऊ. दोन-तीन लेकी आपापल्या मुलांसह आल्या की चार माणसांचे घर वीस माणसांचे होई. लहानग्यांच्या आंघोळी, घामोळ्या, रडारडी, पडून फुटलेले गुडघे, एकाला आमरस बाधलेला, दुसऱ्याला कैरी. विहिरीचे पाणी ओढायला एक माणूस कायमचे लागे. मुलांची पंगत आधी, मग पुरुषांची. बायका शेवटी बसत तेव्हा रसाच्या पातेल्यात कोयीच उरलेल्या असत. दुपारी पुरुष आडवे होत, मुले पत्ते कुटत किंवा माळ्यावरच्या अढीतला पिकलेला आंबा हुडकत. रात्री अंगणात किंवा गच्चीवर ओळीने अंथरुणे पडत आणि कोण कोणाशेजारी झोपणार, यावर शेवटचे भांडण होई.

आणि नेमका हाच काळ बेगमीचा. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी जे जे वाळवून ठेवायचे, ते मे महिन्याच्या उन्हातच वाळते. पापड, सांडगे, शेवया, साबुदाण्याच्या चकल्या, आंबापोळी, फणसपोळी, वर्षाचे तिखट, वर्षाचे लोणचे. एकट्या कुरडयांचे घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे. मग वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा. चौथ्या दिवशी पहाटे उठून मोठ्या पातेल्यात तो शिजवायचा; गाठी होऊ नयेत म्हणून हात थांबवायचा नाही. ऊन चढायच्या आत सोऱ्यातून सगळे घालून झाले पाहिजे. मुलांना वाटीत गरम चीक मिळे आणि मग काठी घेऊन कावळे हाकलायचे काम. आमच्या पिढीच्या आठवणींत कुरडई म्हणजे ती चिकाची वाटी आणि ती काठी. चार दिवसांतले बाकीचे सगळे काम त्या आठवणीबाहेर राहिले. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने असंख्य घरांना वाटी-चमच्याचे माप शिकवले. पण माप जिनसांचे असते. हातांचे माप कुठलेच पाककृतींचे पुस्तक देत नाही.

गदिमांचे आगगाडीचे बालगीत मराठी घरात अजूनही प्रत्येक मुलाला येते. त्यात मामाची श्रीमंती आहे आणि मामीचे सुगरणपण आहे. रोज पोळी-शिकरण होते. मुलाच्या डोळ्यांनी लिहिलेल्या गाण्यात याहून वेगळे काही असण्याचे कारण नाही. मोठ्यांनी मात्र त्याच गाण्याकडे एकदा मोजणी म्हणून पाहायला हरकत नाही. रोजच्या त्या पोळ्या किती झाल्या? आणि ही सुगरण कोणाची तरी लेक होती. तिला घ्यायला मुराळी कधी येई? बऱ्याच घरांत उत्तर असे असे: नणंदा परतल्यावर, शाळा उघडायच्या आधीच्या उरल्यासुरल्या आठ दिवसांत. तेवढ्यात पाऊस आला, कोणी आजारी पडले किंवा लग्न निघाले, तर पुढच्या वर्षी.

हे वर्णन शेती असलेल्या किंवा पगारदार घरांचे आहे. मुंबईच्या गिरणगावात उलटा प्रवास होता: गिरणी कामगाराची बायको-मुले अनेकदा कोकणातच असत आणि मे महिन्यात चाकरमानी गावी जाई. मुलांची सुट्टी म्हणजे बाप दिसण्याचे दिवस. ऊसतोडणीला गेलेली कुटुंबे कारखान्यांचा हंगाम संपवून उन्हाळ्यात गावी परततात. त्यांच्या मुलांचे शाळेचे वर्ष आधीच मोडलेले असते. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आई बांबूची आयदाने विणून मुलांना शिकवते. ते विणणे शाळा चालू असो वा बंद, थांबत नाही. अशा घरांत 'सुटणे' हा शब्द कोणालाच पुरता लागू होत नाही.

या साऱ्या कामाची किंमत किती, हा प्रश्न घरात कधी निघाला नाही. घराबाहेर तो एकदा निघाला. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच 'लिज्जत'. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने वाळवायला ऊन नाही म्हणून काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणून त्यांनी पावसावरही तोड काढली. गल्लीगल्लीतल्या गच्च्यांवर दर उन्हाळ्यात फुकट होणारे काम तिथे मजुरीच्या वहीत लिहिले गेले.

त्याच १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईत 'लिटल थिएटर'चे 'मधुमंजिरी' हे रत्नाकर मतकरींनी लिहिलेले बालनाट्य रंगमंचावर आणले. पुढे मे महिना बालनाट्यांचा हंगाम झाला. शहरातच राहणाऱ्या मुलांसाठी कोणीतरी काहीतरी करायला हवे, ही जाणीव त्यात होती. नंतर पोहण्याचे वर्ग, छंदवर्ग, शिबिरे आली. चौकोनी कुटुंबातल्या नोकरी करणाऱ्या आईला मे महिन्यात रजा नसते; आजी-आजोबा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये; मामा असलाच तर दुसऱ्या देशात. आजोळ जे काम नात्याच्या नावाखाली करत होते, ते शिबिरे पैसे घेऊन करतात. त्यामुळे निदान एवढे कळते, की ते काम होते आणि त्याला दर आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. अशी कामे करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीस. ही वर्षाची सरासरी आहे. ज्या दुपारी घरात नऊ मुले आणि गच्चीवर दोनशे कुरडया असत, ती दुपार तिच्यात दिसत नाही.

आजोळ संपत चालले, अशी हळहळ दर मे महिन्यात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत छापून येते. ती खोटी नाही. भावंडांनी भरलेले अंगण मुलाला जे देते, ते शिबिराला देता येत नाही. पण ते अंगण आपोआप भरलेले नव्हते. ज्या घरांत अजून जुन्या मामी आहेत, तिथे आंब्यांच्या आणि पत्त्यांच्या आठवणी काढून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे: तुम्ही तेव्हा माहेरी कधी जात होतात? उत्तर लहानसेच असेल. या सुट्टीच्या इतिहासात अजून लिहायचे राहिलेले पान तेच आहे.