दात सैल झाला, दोषी कोण? एका वादाचा इतिहास

१/ पायोरियाने दात का पडतात? ‘नीट घासले नाहीत म्हणून’, हे उत्तर आज शाळकरी मूलही देईल. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र अनेक दंतवैद्यांचे उत्तर वेगळे होते : चाव्याचा अतिरिक्त भार. हा थ्रेड त्या उत्तराच्या उदयास्ताचा.

२/ १९०१. व्हिएन्नाचे मोरित्झ कारोली यांनी झोपेत दात खाण्याची सवय आणि पायोरिया यांचा संबंध जोडला. तर्क पटण्याजोगा होता. खुंटा सतत हलवला की जमिनीतील पकड सुटतेच.

३/ १९१७. अमेरिकेत पॉल स्टिलमन यांनी चाव्याचा आघात हेच रोगाचे मुख्य कारण मानले. साहजिकच दातांचे उंचवटे घासून चावा जुळवणे हा उपचार ठरला. घासून गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून सिद्धान्त खरा की खोटा, हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता नव्हता.

४/ १९३१. गॉटलीब आणि ऑर्बान यांनी कुत्र्यांच्या दातांवर उंच टोप्या बसवून भार वाढवला. दातांभोवतालच्या हाडाला इजा झाली. पण केवळ भारामुळे हिरडीचा रोग उद्भवला नाही.

५/ १९६५. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच पूर्ववत झाल्या. चावा तोच होता, बदलला तो जंतूंचा थर.

६/ त्याच दशकात अर्व्हिंग ग्लिकमन यांनी मध्यममार्ग सुचवला : आग जंतू लावतात, चाव्याचा भार तिला हाडात खोलवर नेतो. १९७९ मध्ये नॉर्वेचे येन्स व्हेरहाउग यांनी मृतांचे जबडे तपासले. हाडातील तसेच खोल खड्डे त्यांना भार नसलेल्या दातांपाशीही आढळले.

७/ २०१७ च्या जागतिक परिषदेचा निर्वाळा : चाव्याच्या आघाताने माणसात हिरडीरोग होतो, असा पुरावा नाही. भाराने दात हलू शकतो, हेही तितकेच खरे. म्हणून आधी जंतूंचा थर काढायचा, मग गरजेनुसार चाव्याकडे पाहायचे.

८/ कारोलींचे निरीक्षण खोटे नव्हते. हलणारा दात आणि खुपणारा चावा एकत्र दिसतातच. पण भारामुळे दात हलला, की हललेल्या दाताला नेहमीचाच भार असह्य झाला? दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकानेही हे कायम ध्यानी ठेवावे.