साक्षीदारांची यादी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो ते गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले, पण पायऱ्या लिहिल्या नाहीत, तर ते निम्मे गुण कापीत. ‘उत्तर आले खरे, पण आले कोठून?’ असे ते विचारीत. मी जन्मभर मराठी शिकविली. इतिहासाशी माझे नाते शेजाऱ्याचे. तरीही आजच्या विषयाला त्यांचा तोच प्रश्न लागू पडतो. संसदेच्या समित्या देशाला जी उत्तरे देतात, ती येतात कोठून?

१

समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला की आपण शेवटची पाने उलटतो आणि शिफारशी वाचतो. परंतु त्या शिफारशींचे भवितव्य कितीतरी आधी दोन कागदांवर ठरलेले असते. पहिला कागद विचारार्थ विषयांचा आणि दुसरा साक्षीदारांच्या यादीचा. काय विचारावयाचे, कोणाला, कोणत्या क्रमाने आणि किती दिवसांत, हे ज्याच्या हाती असते त्याच्या हाती अर्धा अहवाल असतो.

ही पद्धत ज्या ब्रिटिश कॉमन्स सभेतून आपल्याकडे आली, तिची रीत थोडक्यात अशी होती. सभा ठराव करून प्रवर समिती नेमी आणि चौकशीच्या मर्यादा त्या ठरावातच आखून देई. माणसे, कागदपत्रे आणि दप्तरे मागविण्याचा अधिकार समितीस मिळे. साक्षीदाराला प्रथम अध्यक्ष प्रश्न विचारीत, नंतर सभासद. प्रत्येक प्रश्नाला अनुक्रमांक असे, प्रत्येक उत्तर शब्दशः टिपले जाई आणि सारे निळ्या वेष्टणाच्या जाड ग्रंथांत छापले जाई. अधिवेशन संपले की समितीही संपे. अपुरे काम पुढे चालवावयाचे तर ती नव्याने नेमावी लागे. ही शेवटची बाब ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

२

१८७१ साली कॉमन्स सभेने हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करण्यासाठी प्रवर समिती नेमली. एर्टन हे तिचे अध्यक्ष होते. केंब्रिजचे अर्थशास्त्राचे अंध प्राध्यापक हेन्री फॉसेट तिचे सभासद होते. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये दिलेल्या नृत्यसमारंभाचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला, तेव्हा त्यास कडक हरकत घेणारे ते हेच फॉसेट.

समितीपुढे प्रामुख्याने आले ते आजी-माजी अधिकारी. ते लंडनमध्येच राहत, कागद त्यांच्या हाताशी असत आणि बोलावणे धाडले की ते हजर होत. यात कोणाचे कपट होते असे नव्हे. सोयीनेही अन्याय होतो. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या साक्षीदाराला काही आठवड्यांचा समुद्रप्रवास करावा लागणार आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्नच. परिणामी, कर बसविणाऱ्यांना कराविषयी विचारले जाई, देणाऱ्यांना नाही. केवळ अधिकाऱ्यांच्या मतांवर विसंबू नये, हिंदी लोकांनाही विचारावे, असा आग्रह फॉसेट यांनी धरला.

१८७३ साली दादाभाई नौरोजी आणि नवरोजी फर्दुनजी यांच्या साक्षी झाल्या. दादाभाईंनी हिंदुस्थानातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये भरते असा हिशेब मांडला होता. दारिद्र्यावरील त्यांची टिपणे समितीने स्वीकारली, पण अहवालाबरोबर छापली नाहीत. ती अध्यक्षांच्या मतांशी जुळणारी नव्हती, असे दादाभाईंनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. साक्षीदार यादीत आला, पण त्याचा कागद ग्रंथाबाहेर राहिला. यादीत नाव असणे आणि नोंदीत म्हणणे असणे, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. १८७४ च्या आरंभी पार्लमेंट विसर्जित झाले आणि त्याच वर्षी ही चौकशी पूर्ण निष्कर्ष न काढताच थांबली. ती टिपणे दादाभाईंनी १८७६ मध्ये मुंबईत वाचून दाखविली. मधल्या काळात, १८७४ साली, ते आपल्या बडोद्यात मल्हारराव गायकवाडांचे दिवाण म्हणून आले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे.

३

वीस वर्षांनी ही कसर काही अंशी भरून निघाली. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक राजनियुक्त आयोग नेमण्यात आला. ही पार्लमेंटची समिती नव्हे, परंतु विषय आणि रीत तीच. या वेळी दादाभाई आयोगाचे सभासद होते. शिवाय त्यांनी साक्षीदाराच्या खुर्चीत बसून स्वतःचीही साक्ष दिली. क्रम मात्र जुनाच होता. आधी अधिकारी, मग १८९७ साली बिनसरकारी हिंदी साक्षीदार: मुंबईचे दिनशा वाच्छा, कलकत्त्याचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी, मद्रासचे सुब्रह्मण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेचे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचे वय तेव्हा अवघे तीस. ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत. अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले होते. वाटेत कॅले येथे दरवाजाचा जबर आघात त्यांच्या छातीवर झाला; त्या दुखण्यातच त्यांनी लंडन गाठले. १२ आणि १३ एप्रिल रोजी त्यांची साक्ष झाली. आपले निवेदन त्यांनी तीन भागांत मांडले होते: खर्चावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा, खर्चाची वाढ आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील खर्चाची वाटणी. आयोगापुढील विषय नेमके हेच होते. आयोगाने आखलेल्या चौकटीतच उभे राहून, तिच्या प्रत्येक खणात त्यांनी आपले आकडे भरले. त्यामागे न्यायमूर्ती रानड्यांचे मार्गदर्शन होते आणि गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाने वर्षानुवर्षे सरकारी अहवाल चाळून जमविलेली आकडेवारी होती. लंडनच्या त्या दालनात प्रश्नांना उत्तरे देत होते गोखले. पण उत्तराच्या पायऱ्या मांडून ठेवल्या होत्या एका शाळामास्तराने. शाळेच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला विशेष आनंद होतो.

ह्याच मुक्कामात घडलेला दुसरा प्रसंगही सांगणे प्राप्त आहे. पुण्यातील प्लेगबंदोबस्ताच्या काळात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी गोखल्यांना पत्रे आली. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी तो मजकूर ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये जाहीर केला. परत आल्यावर पत्रलेखकांपैकी कोणी पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. एप्रिलमध्ये आकड्यांच्या आधारावर अढळ राहिलेला हाच साक्षीदार काही महिन्यांत निराधार झाला. पत्रे लिहिणाऱ्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांना नावानिशी बोलता येईल आणि बोलल्यावर सुरक्षित राहता येईल, अशी जागा तेव्हा कोणी निर्माण केली होती?

१९०० साली आयोगाचा अहवाल आला. दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांनी आपले वेगळे मत नोंदविले. बहुमत त्यांच्या बाजूस नव्हते. परंतु आता त्यांचे म्हणणे छापील नोंदीत होते.

यादीत पुढचे नाव यायला आणखी काळ जावा लागला. २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत मताधिकारविषयक साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते. ह्या शहरात नोकरीस आले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नव्हती. दादाभाईंना इंग्रज अधिकाऱ्यांना जे सांगावे लागले, तेच आंबेडकरांना आपल्यालाही सांगावे लागले: आमच्याविषयी आम्हांलाच विचारा.

४

स्वातंत्र्यानंतर यादी आपल्या हाती आली. १९२१ पासून असलेली लोकलेखा समिती १९५० मध्ये खऱ्या अर्थाने संसदेची झाली; त्याच वर्षी अंदाज समिती स्थापन झाली. तेव्हा सभापतिपदी गणेश वासुदेव मावळणकर होते. त्यांचा जन्म बडोद्याचा. १९९३ मध्ये मंत्रालयांशी निगडित अशा १७ स्थायी समित्या आल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली.

स्थायी समितीचे वर्ष असे आखले जाते. समिती नव्याने बनली की सभासद बैठकीत वर्षाचे विषय निवडतात. संबंधित मंत्रालयाकडून पार्श्वभूमीचे टिपण मागविले जाते, त्यावरून प्रश्नावली तयार होते. महत्त्वाच्या विषयांवर वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन लेखी निवेदने मागविता येतात. आलेल्या निवेदनांतून तज्ज्ञ आणि संस्था निवडून तोंडी साक्षीसाठी बोलावल्या जातात. मंत्रालयाचे सचिवही प्रश्नांना उत्तरे देतात. साक्षीचा शब्दशः मसुदा साक्षीदाराकडे दुरुस्तीसाठी जातो. साक्ष दिल्याबद्दल कोणास त्रास देणे हा संसदेचा विशेषाधिकारभंग ठरतो. प्लेगच्या त्या पत्रलेखकांना जे मिळाले नाही ते हेच.

दोष नाहीत असे नव्हे. साक्षी बंद दाराआड होतात. समितीची मुदत एका वर्षाची. त्यातील बराच काळ अनुदानाच्या मागण्या तपासण्यात जातो. लोकसभा विसर्जित झाली की अपुरा विषय पुढच्या समितीने पुन्हा निवडला तरच जगतो. १८७४ चे दुखणे अजून पुरते गेलेले नाही. परंतु सर्वांत मोठा दोष समितीच्या दालनात नाही, तो आपल्या घरांत आहे. निवेदने मागविणारी जाहिरात आपल्यापैकी कितीजण वाचतात?

हे मी इतरांना उद्देशून म्हणत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांविषयी म्हणणे ऐकण्यासाठी एक समिती आली होती. आम्ही पाचजण गेलो. मी संतांपासून सयाजीरावांपर्यंत बोललो. भाषण चांगले झाले असे मला वाटलेही. एका सभासदाने शांतपणे विचारले, “गेल्या पाच वर्षांत तुमच्या भागातील किती मुले मराठी शाळा सोडून गेली?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. हजेरीपट शाळेतच होते. आम्ही ते उघडलेच नव्हते. आमच्यासाठी राखलेली वेळ त्या प्रश्नाशी संपली. अहवालात आमच्याविषयी एक ओळ आली, तीही सहानुभूतीची. त्या ओळीला मी कोणास दोष देत नाही.

आमच्या गुरुवर्यांनी त्या दिवशी माझे निम्मे गुण कापले असते, आणि ते योग्यच झाले असते. विद्यार्थिमित्रहो, यादीत नाव यावे म्हणून तीन पिढ्या झगडल्या. तुमचे नाव पुकारले जाईल त्या दिवशी हातात हजेरीपट असू द्या.