पताकांची बाराखडी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नान उरकून फराळाच्या पाटावर बसतो न बसतो तोच पुतणीचा निरोप मोबाईलवर येऊन थडकला. निरोपात अक्षर म्हणून नव्हते. ओळीने तीन झेंडे तेवढे होते. पहिला तांबडा-पांढरा-तांबडा, तो कोणाचा हे मला मुळीच उमगेना. दुसरा वर तांबडा, खाली पांढरा; तो मी इंडोनेशियाचा ठरवला. तिसरा निळा-पिवळा-तांबडा, तो रुमानियाचा, याविषयी माझी खात्री होती. आता या तीन देशांचा आमच्या घराण्याशी काय संबंध, या विवंचनेत मी चकली हातातच धरून बसलो.

शेवटी तिलाच फोन केला. ती खो खो हसत सुटली. "अहो काका, पहिला पेरूचा! म्हणजे बाजारातून पेरू आणून ठेवा. दुसरा मोनाकोचा. त्या नावाची खारी बिस्किटे चहाबरोबर हवीत. आणि तिसरा चाडचा. पुतणीची काही चाड असेल, तर मी येईपर्यंत सगळे तयार ठेवा!"

आमच्या पिढीला झेंडा म्हटले की सावधान उभे राहायचे एवढे ठाऊक. या मुलामुलींनी मात्र जगातले झेंडे खिशातल्या गोट्यांसारखे खुळखुळत ठेवले आहेत. ज्या देशाचे नाव वर्गात कधी कुणी घेतले नसेल, त्याचा झेंडा शोधून काढावा आणि मित्राला पाठवून त्याला बुचकळ्यात टाकावे, यात त्यांना मोठी मौज वाटते. इंग्रजी बोलीत 'चॅड' म्हणजे भलताच ऐटबाज गडी. म्हणून परदेशातली पोरे मित्राची तारीफ करताना हाच चाडचा झेंडा धाडतात. आमच्या पुतणीने त्याच झेंड्यातून मराठी 'चाड' काढली, इतकेच.

प्रथम मला हा झेंड्यांचा उपमर्द वाटला. पण जरा मागे जाऊन पाहिले, तेव्हा ध्यानात आले की झेंड्याकडून निरोप्याचे काम करून घेण्याची रीत फार जुनी आहे. विराटपर्वात कौरव गाई वळवून नेतात, तेव्हा बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन भेदरलेल्या उत्तराला समोरच्या रथांवरचे ध्वज दाखवतो आणि हा द्रोण, हा कर्ण, हे पितामह, अशी ओळख करून देतो. भीष्म तालध्वज, अर्जुन कपिध्वज. धुळीच्या लोटात माणसाचा चेहरा दिसत नाही, ध्वज दिसतो. आणि जो ध्वज वाचू शकतो त्याला युद्धभूमी वाचता येते.

पुढे दर्यावर्दी लोकांनी तर बावट्यांची बाराखडीच केली. १८०५ सालच्या ऑक्टोबरात ट्राफल्गारच्या लढाईपूर्वी नेल्सनने आपल्या आरमाराला जो प्रसिद्ध संदेश दिला, तो झेंड्यांनीच. प्रत्येक झेंड्याला एक आकडा आणि आकड्यांना शब्द, असा तो कोश होता. 'इंग्लंडला विश्वास आहे' असे नेल्सनला म्हणायचे होते. पण तो शब्द कोशात नव्हता, अक्षर अक्षर जोडत बसावे लागले असते. संकेत-अधिकाऱ्याने सुचवले की 'अपेक्षा' हा शब्द कोशात आहे, तोच घ्यावा. नेल्सनने मान्य केले. संदेशाचा शेवटचा शब्द 'कर्तव्य'. तोही कोशात नव्हता, तेव्हा तो मात्र अक्षरे जुळवूनच सांगावा लागला. त्या काळी झेंड्यांतून अक्षरे होत. आज अक्षरांतून झेंडे होतात. ते कसे, हीच या इतिहासातली खरी गंमत.

मोबाईलवरची इमोजी ही चिमुकली चित्रे जपानातून आली. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी तिथल्या एका दूरध्वनी कंपनीसाठी १७६ चित्रे तयार केली, ती पुढे २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जाऊन बसली. जपानी कंपन्यांच्या अशा चित्रसंचांत झेंडे होते अवघे दहा: जपान, कोरिया, चीन, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि रशिया. आपला तिरंगा त्यांत नव्हता. जगातल्या सर्व लिप्यांना संगणकावर स्थान देणाऱ्या युनिकोड संस्थेपुढे ही चित्रे आली, तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहिला. दहांनाच मान का? आणि सर्वांना द्यायचा, तर 'सर्व' म्हणजे कोण? कोणता मुलूख देश आणि कोणता नाही, हे ठरवताना भल्याभल्या मुत्सद्द्यांची भंबेरी उडते. तिथे लिपी जुळवणाऱ्यांनी काय करावे?

त्यांनी मोठ्या हिकमतीने हात झटकले. २०१० साली त्यांनी एकही नवा झेंडा दिला नाही. दिली ती रोमन वर्णमालेची २६ खास अक्षरे. टपाल, व्यापार, दळणवळण यांच्या सोयीसाठी देशांना व प्रदेशांना दोन-दोन अक्षरांचे संकेत देणारी एक आंतरराष्ट्रीय यादी १९७४ पासून आहे. त्या यादीतली दोन अक्षरे शेजारी आली की मोबाईलने हवा तर झेंडा काढावा, नाही तर अक्षरेच दाखवावीत. आय आणि एन जोडले की तिरंगा फडकतो. झेंडा कोणाला द्यायचा हा वाद त्यांनी असा यादीच्या गळ्यात घातला.

पण ती यादी काही राष्ट्रांची नामावळी नव्हे. तिच्यात बर्फाखाली गाडलेले निर्मनुष्य बूव्हे बेटही आहे. त्याचा मालक नॉर्वे, म्हणून त्याच्या नावापुढे नॉर्वेचाच झेंडा. अशाच न्यायाने फ्रान्सचा आणि ऑस्ट्रेलियाचा झेंडाही यादीत दुसऱ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटतो. पोरांना आडवाटेचे एवढे झेंडे सापडतात ते यामुळे.

सारखेपणाचे घोटाळे तर विचारू नका. रुमानियाने १९८९ साली आपल्या निशाणावरचे राजचिन्ह काढून टाकले आणि ते चाडच्या निशाणाशी जवळजवळ एकरूप झाले. म्हणजे माझी चूक अगदीच अडाणीपणाची नव्हती! अमेरिकेच्या टेक्सास राज्यातले लोक आपला झेंडा म्हणून चिलीचा झेंडा पाठवू लागले, तेव्हा २०१७ साली तिथल्या विधिमंडळातल्या एका सदस्याने, बाबांनो तो आपला नव्हे, असा चक्क ठराव मांडला.

काही ठिकाणी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनवर तैवानचा झेंडा दिसत नाही; २०१९ साली हाँगकाँग व मकाऊ इथल्या आयफोनच्या कळफलकावरूनही तो काढला गेला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांना स्वतंत्र झेंडे मिळायला २०१७ उजाडले. आणि २०२२ साली युनिकोडने जाहीर केले की यापुढे झेंड्यांसाठी कोणाचेही अर्ज घेतले जाणार नाहीत. इमोजीत सर्वांत मोठे कुटुंब झेंड्यांचे, आणि सर्वांत कमी वापर होतो तोही त्यांचाच, असे त्यांचे म्हणणे. यादीत नवा संकेत आला तरच नवा झेंडा. दार असे लागले, आणि जे आत होते ते आत, बाहेरचे बाहेर.

बाहेर कोण राहिले, हे मला भाऊबीजेला कळले. त्या दिवशी पुतणी घरी आली. पेरू तयार होते, बिस्किटेही होती. तिने कौतुकाने आपला सर्वांत आवडता झेंडा मला दाखवला. त्यावर निळ्या-पांढऱ्या लाटा, कोपऱ्यात ब्रिटनचे निशाण, आणि उजव्या बाजूला एक माड, त्यावर मुकुट. "सुट्टी लागली की आम्ही सगळ्या मैत्रिणी हाच पाठवतो, काका. समुद्र, माड, मजा!"

तो झेंडा हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचा, म्हणजे चागोस बेटांचा. १९६५ साली ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली. त्यांतले दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी हवे होते. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या रहिवाशांना, दीड हजारांहून कमी नसतील, हलवण्यात आले आणि मॉरिशस व सेशेल्सच्या किनाऱ्यावर उतरवून देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या खोबऱ्याच्या मळ्यांत राबलेली ती माणसे. मुकुटाखालचा हा माडाचा झेंडा १९९० सालचा. म्हणजे तो आला तेव्हा त्या माडांखाली जन्मलेले कोणी तिथे उरले नव्हते.

मॉरिशस आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्याच बेटावर चागोसची माणसे परतीची वाट पाहत म्हातारी झाली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिले; २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशस यांनी बेटांच्या हस्तांतरणाच्या करारावर सह्या केल्या. त्या लोकांनी स्वतःसाठी एक झेंडा केला आहे: नारिंगी, काळा आणि निळसर असे तीन पट्टे. तो मोबाईलवर नाही. त्याला दोन अक्षरे मिळालेली नाहीत.

हे मी सांगत होतो तेव्हा पुतणी एक शब्द बोलली नाही. सणासुदीच्या दिवशी पोरीचा विरस केला, म्हणून मला मागाहून चुटपुट लागली. थट्टा करू नये असे मला म्हणायचे नव्हते. ज्या मुलीने थट्टेसाठी का होईना पेरू, मोनाको आणि चाड शोधून काढले, तिला या जगाची माझ्यापेक्षा अधिक ओळख आहे. उत्तराला ध्वज दाखवायला अर्जुन होता. या मुलांपुढे सगळे ध्वज आहेत, रथात कोण बसले आहे हे सांगणारा तेवढा हवा.

यंदा वसुबारसेला तिचा निरोप आला. त्यात झेंडा नव्हता. ओळीने तीन चौकोन होते: नारिंगी, काळा, निळा. खाली लिहिले होते, "मैत्रिणींना कोडे घातले आहे. अजून कुणाला सुटलेले नाही."