‘वेस्ट’ : एका क्रियापदाची वस्त्रे

देवस्थानच्या जमिनींचे दावे जेथे चालतात तेथे ‘वेस्ट’ हे इंग्रजी क्रियापद वारंवार कानी पडते. मराठी कायद्यात त्यास ‘निहित होणे’ म्हणतात. मिळकत कोणाच्या ठायी निहित आहे, यावर कित्येक देवळांचा नंदादीप अवलंबून असतो. म्हणून या शब्दाचे कुळ पाहणे अगत्याचे वाटते.

लॅटिन भाषेत ‘वेस्टिरे’ म्हणजे वस्त्र घालणे. तेथून फ्रेंचमार्गे हे क्रियापद इंग्रजीत आले. त्याचा मूळ धातू आपल्या ‘वस्’चा सहोदर होय. संस्कृत ‘वस्त्र’, मराठी ‘नेसणे’, कोंकणी ‘न्हेसप’ ही सारी त्याच घराण्यातली. वस्त्रांनी अधिकार देण्याची रीतही आपणांस परकी नाही. १७२० साली शाहू छत्रपतींनी पहिल्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे दिली. अधिकार पेशव्यास मिळाला, गादी मात्र छत्रपतींचीच राहिली.

हाच विवेक न्यायालयांनी देवळांबाबत दाखविला. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये सय्यद अमीर अली यांनी निर्णय दिला की, देवास अर्पण केलेली मिळकत सेवेकऱ्याच्या ठायी निहित होत नाही. तो केवळ व्यवस्थापक. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ‘वेस्ट’ या शब्दास एकच ठाम अर्थ नाही. कोठे मालकी, कोठे नुसता ताबा, हे संदर्भाने ठरावे. २०२१ साली त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील प्रकरणात स्पष्ट केले की, देवस्थानच्या जमिनीचा मालक देवच. पुजाऱ्याचे नाव मालकाच्या रकान्यात नको.

या निर्णयाचे मर्म आम्हांस हैदराबादेतील मलकपेठेच्या नावात दिसते. अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या मलिक याकूबवरून ते नाव पडले, असे सांगतात. ‘मलिक’ आणि ‘मालक’ हे एकाच अरबी धातूचे शब्द. परंतु हा मलिक स्वतः सेवक होता! नाव मालकाचे, काम सेवकाचे. दप्तरात याच्या उलट घडते : वहिवाटीच्या सोयीसाठी सेवेकऱ्याचे नाव लागते आणि दोन पिढ्यांनी तेच मालकीचा पुरावा म्हणून पुढे येते.

पुजारी देवास वस्त्र नेसवितो. नेसतो तो देव. ‘वेस्ट’चा धात्वर्थ तरी हाच. म्हणून प्रत्येक देवस्थानच्या मंडळींनी सातबारा अथवा पहाणीचा उतारा काढून मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.