वर्गातला पडदा : उसना उपग्रह ते ‘टिलीमिली’

गारखेडा हे एके काळी औरंगाबादबाहेरचे खेडे. शहराने ते केव्हाच पोटात घेतले आणि आता तिथे शाळा निवडताना पालक ‘वर्ग डिजिटल आहेत ना?’ असे हमखास विचारतात. प्रश्न नवा वाटतो. पण वर्गात पडदा येण्याची ही पहिली खेप नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी तो मराठवाड्याच्या कुंपणापर्यंत येऊन थांबला होता.

1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 हे वर्षभर ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग देशात चालला. उपग्रह ‘नासा’चा, वर्षापुरता उसना घेतलेला. सहा राज्यांतली सुमारे 2,400 खेडी निवडली होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री आणि एक संच, एवढे सामान प्रत्येक गावाला मिळाले. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. या सहांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातून मात्र गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. पैकी गुलबर्गा आणि रायचूर 1956 पर्यंत मराठवाड्यासोबतच हैदराबाद राज्यात नांदले होते. म्हणजे उस्मानाबादच्या सीमेपलीकडची मुले वर्गात कन्नडमधून विज्ञान पाहत होती, आणि अलीकडची मुले खडू-फळ्यावरच होती. गंमत अशी की मुलांसाठीचे काही विज्ञानपाठ ‘इस्रो’च्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार झाले होते!

वर्ष संपले, उपग्रह परत गेला. या प्रयोगाचे कौतुक करणारे लेख पुष्कळ आहेत. माझ्या मते त्यातला खरा धडा छत्रीचा नाही. संच बिघडला तर कोण दुरुस्त करील, कार्यक्रमाआधी आणि नंतर शिक्षकाने काय करायचे, याचा विचार तेव्हा झाला होता. हजारो प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही याच पडद्यावरून घेतले गेले. पुढच्या योजनांत नेमका हाच भाग गळत गेला.

महाराष्ट्राची पाळी ‘इन्सॅट’मुळे आली. 1984 मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. संस्थेचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि पाठ्यपुस्तके करणारी ‘बालभारती’ शेजारीच. दूरदर्शनवर लागणारे तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे, आणि संस्थेच्या नावाने तिचे डोळे अजून चमकतात. पण शाळेचे वेळापत्रक आणि प्रक्षेपणाची वेळ यांचे जमेलच असे नसे; आणि ज्या शाळेत वीजच नाही तिथे संच असून नसल्यासारखाच. पुढे केंद्राचे अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, आणि 2017 मध्ये शासनाने संस्था बंद केली. हजारो कार्यक्रम करणारे घर असे मोडले, आणि मराठी वृत्तपत्रांतल्या थोड्या हळहळीपलीकडे फारसे काही घडले नाही.

त्याच सुमारास दुसरीकडे वेगळीच वाट निघाली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावरच क्यूआर कोड चिकटवले. ना स्टुडिओ, ना प्रक्षेपणाची वेळ; पुस्तक तेच, फोन पालकांचा, आणि काय दाखवायचे हे ठरवणार वर्गातला शिक्षक. पुढे राज्याने ही कल्पना आपल्या पुस्तकांत घेतली. 2020 मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत पुरस्कार गाजला, पण त्यामागची रीत कमी बोलली गेली.

डिसले यांच्या वाटेत एक अडसर राहतोच : ज्या घरात असा फोन नाही, तिथे कोड म्हणजे नुसता काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही गोष्ट साऱ्या राज्याला एकदमच दिसली. मग पुन्हा दूरदर्शनची आठवण झाली. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती केली एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने. घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन शिकवणारी मालिका चांगलीच होती. मात्र शाळकरी मुलांसाठी मराठीत चित्रपाठ करणारी राज्याची स्वतःची संस्था तोवर बंद होऊन तीन वर्षे झाली होती.