रोमचा राजपुत्र आणि कोकणातलं लग्न

1948 च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाड्यातलं धारूर निजामाच्या राज्यात होतं आणि त्या राज्याचा सरकारी कारभार 1884 पासून उर्दूत चालायचा. धारूरच्या कचेरीतल्या मराठी कारकुनाला नाटककार आगा हश्र काश्मिरीचे दणकेबाज उर्दू संवाद समजायला दुभाष्या लागला नसता. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या नाटकवेड्याला कदाचित लागला असता! याच हश्रने 1913 च्या सुमारास पारशी रंगभूमीसाठी 'यहुदी की लडकी' लिहिलं.

नाटकातले ज्यू रोमन अमलाखाली भरडलेले. एक रोमन राजपुत्र ज्यू असल्याची बतावणी करून ज्यू सराफाच्या मुलीच्या मागे लागतो, आणि त्याचं बिंग फुटतं. शेवटी कळतं ते असं, की मुलगी मुळात ज्यू नव्हेच. छळ करणाऱ्या रोमन बड्या असामीचीच ती हरवलेली लेक. 1958 साली बिमल रॉय यांनी यावर 'यहुदी' काढला. त्यात दिलीपकुमार आणि मीनाकुमारी होते, पण भाव खाऊन गेला तो म्हाताऱ्या सराफाच्या, एझ्राच्या भूमिकेतला सोहराब मोदी.

कथेचं मूळ पॅरिसचं. तिथे 1835 साली रंगलेल्या 'ला झ्विव्ह' या संगीतिकेत काळ 1414 चा आणि छळ करणारे ख्रिस्ती धर्माधिकारी होते. हश्रच्या रंगमंचावर त्यांच्या जागी मूर्तिपूजक रोमन उभे राहिले. इंग्रजी अमलात हा बदल सोयीचाच म्हणायचा.

गंमत अशी, की या नाटकावर हळहळणाऱ्या प्रांतात खरेखुरे ज्यू शतकानुशतकं राहत होते आणि त्यांना कोणी छळलं नव्हतं. कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडलेली: दिवेकर, किहीमकर, पेणकर. जोसेफ डेव्हिड पेणकर हा त्यांच्यातलाच. त्याच्याच नाटकावर 'आलम आरा' बेतला आणि 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये हिंदुस्थानातला पहिला बोलपट झळकला. त्याची कथा मात्र राजवाड्यातल्या सवतीमत्सराची. ज्यूंचा छळ रंगवला तो काश्मिरी घराण्यातल्या मुसलमान लेखकाने.

बेने इस्रायलांच्या लग्नात मेंदी असते, हिरवा चुडा असतो, मंगळसूत्रही असतं. मंगलप्रसंगी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव. सिनेगॉगमध्ये मात्र वऱ्हाड हिब्रूत शिरतं. द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हटला जातो आणि नंतर पेला फोडतात, जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याची आठवण म्हणून. ते इ. स. 70 मध्ये पाडलं रोमनांनी. हश्रने मेलोड्रामासाठी उभा केलेला रोम अलिबागच्या मांडवात असा दरवेळी येऊन जायचा, पण काचेच्या तुकड्यांपुरता.

लग्नांवर खरं सावट पडलं ते इस्रायलमध्ये. 1948 नंतर हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. त्यांच्या पूर्वजांनी परधर्मीयांशी लग्नं केली असतील, घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले नसतील, अशी शंका तिथल्या काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी काढली. 1962 साली मुख्य रब्बीमंडळाने विवाह निबंधकांना सूचना दिल्या: बेने इस्रायल वधू किंवा वर दुसऱ्या ज्यूशी लग्न करू पाहत असेल, तर आधी त्याच्या आईची, आजीची आणि त्याही मागची वंशावळ तपासा. ज्या समाजाकडे दप्तरापेक्षा आठवणीच जास्त, त्याने पणजीचा पुरावा आणायचा कुठून? हश्रच्या नायिकेच्या जन्माचा खुलासा निदान शेवटच्या अंकात तरी होतो.

मंडळी गप्प बसली नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. 17 ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. रब्बीमंडळाने मग सूचनांमधून समाजाचं नाव काढलं. तपासणी राहिली, फक्त ती आता वंशाबद्दल शंका असलेल्या कुणाचीही होणार होती.